खर्जाची तार आणि चाळिशीचा संकोच

आमच्या मध्यम वर्गाच्या घरांतून तीन शब्दांचा एक प्रश्न फार सैलपणे वापरला जातो. "आता या वयात?" हा तो प्रश्न. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने घरावर दुसरा मजला चढविला, कर्ज काढून मोटार घेतली, किंवा डॉक्टरांनी दटावल्यावरून पहाटे नदीकाठी फिरावयास आरंभ केला, तर हा प्रश्न त्यास कोणी करीत नाही. तोच गृहस्थ एके दिवशी म्हणाला की, मला एखादे वाद्य शिकावयाचे आहे, तर पत्नी हसते, मुलगा खोलीचे दार लावून घेतो, आणि कचेरीतील स्नेही 'आता साहेबांचा ऑर्केस्ट्रा निघणार' म्हणून चहाच्या टपरीवर महिनाभर पुरेल एवढी थट्टा साठवून ठेवतात. त्यातून ते वाद्य पेटी किंवा बासरी नसून बेस गिटार असले, म्हणजे तर विचारावयासच नको. हा प्रश्न अडाणीपणाचा आहे, आणि तो अडाणीपणा अशिक्षितांचा नसून खास आम्हां सुशिक्षितांचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम या वाद्याची ओळख करून देणे बरे. कारण पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गिटार म्हटले की सहा तारांचेच वाद्य येते. बेस गिटार हे त्याचे थोरले भावंड. तारा चारच, पण जाड, दांडी लांब, आणि आवाज एक सप्तक खालचा. तिच्यातील सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ आंदोलने देते. पांढरी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६५ आंदोलनांची असते. म्हणजे बेस गिटारच्या चार तारांपैकी दोन त्या खर्जाच्याही खाली बोलतात. चारही तारांचे परस्परांशी नाते एकच आहे: प्रत्येक बारीक तार आपल्या शेजारच्या जाड तारेचा मध्यम होय. ज्यास 'सा' पासून 'म' गळ्यात धरता येतो, त्यास हे वाद्य लावता येते. गाण्यात याचे काम तंबोरा आणि डग्गा या दोघांचे मिळून असते. आधाराचा स्वर द्यावयाचा आणि तो नेमक्या मात्रेवर द्यावयाचा. श्रोत्यांचे त्याकडे बहुधा लक्ष नसते. मध्येच ते थांबले, तर मात्र गाण्याच्या पायाखालची वाळू सरकल्यासारखे होते.

आता हा विषय पुण्या-मुंबईच्या संबंधाने न काढता शिरूर आणि दौंड यांच्या संबंधाने काढण्याचे कारण सांगतो. पुण्यात पेठेपेठेला गायनाचा वर्ग आहे, आणि हौसेस लाजणारा माणूस गर्दीत सहज लपतो. तालुक्याच्या गावी तसे नसते. घोडनदीच्या काठचे शिरूर पुणे-नगर रस्त्यावर वसले आहे. त्यास रेल्वे नाही. भीमेच्या काठचे दौंड तर रेल्वेनेच वाढविले. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यापासून ते जंक्शन आहे. एकीकडे रांजणगावचे कारखाने, दुसरीकडे कुरकुंभचे. या दोन्ही गावांत आज पगारदार माणसांची मोठी वस्ती आहे. सकाळची गाडी धरून पुण्यास जाणारा कारकून, पाळीवरून परतलेला फिटर, शाळेतील बाई, बँकेतील रोखपाल, मेडिकलच्या दुकानाचे मालक. यांच्यापाशी फार पैसा नाही, पण अगदीच नाही असेही नाही. आणि रात्रीचे नऊ ते साडेदहा हा वेळ तर निश्चित आहे, जो सध्या मोबाईलच्या पडद्यावर अंगठा फिरविण्यात जातो. ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहो, ती हीच मंडळी.

वयाचा आक्षेप आधी घेऊ. कारण खरा आक्षेप तोच आहे, बाकीचे त्याच्या आडोशास उभे राहतात.

'वाद्य लहानपणीच हाती घ्यावे, मोठेपणी बोटे वळत नाहीत,' असे मोठ्या अधिकाराने सांगण्यात येते. सांगणाऱ्याने बहुधा स्वतः काही वाजविलेले नसते. यात सत्याचा जो अंश आहे तो आम्ही नाकारीत नाही. कोणताही आधारस्वर न देता ऐकताक्षणी स्वराचे नाव सांगण्याची जी शक्ती काही थोड्यांस असते, ती बहुतेक सहा-सात वर्षांच्या आतच अंगी येते. मागाहून येणे फार कठीण. परंतु तिच्यावाचून जगातील बहुसंख्य वादकांचे काहीएक अडलेले नाही. बोटांचे म्हणाल, तर बेस गिटारवर एका वेळी बहुधा एकच स्वर वाजवावयाचा असतो. सहा तारांवर एकदम चार बोटे दाबण्याची जी कसरत नवशिक्याला गिटारवर रडविते, ती येथे नाही. येथे लागते ते ताल न सोडण्याचे धैर्य. आणि ज्या माणसाने वीस वर्षे पाळीचा भोंगा किंवा सात-पाचची गाडी चुकविलेली नाही, त्याच्या ठिकाणी हा गुण पंधरा वर्षांच्या पोरापेक्षा कमी असेल असे आम्हांस वाटत नाही.

पण तर्कच कशाला हवा? शिरूर तालुक्यातील कोणत्याही गावी एकादशीच्या रात्री भजनास जाऊन बसावे. पखवाजावर जो बसलेला असतो त्याने तो पाचव्या वर्षी हाती घेतला होता, असे मुळीच नाही. कोणी तिशीत, कोणी पन्नाशीत, शेतीची जबाबदारी मुलांकडे गेल्यावर, जाणत्या माणसाच्या मांडीला मांडी लावून शिकलेला असतो. पहिली दोन वर्षे तो चुकतो, आणि मंडळी त्यास चुकू देतात. 'आता या वयात?' हा प्रश्न तेथे कोणास सुचतही नाही. पुण्यातील ढोल-ताशांची पथके पाहा. गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव चालतो, त्यात कचेरीतून परस्पर आलेल्या तिशी-पस्तिशीच्या स्त्रिया कमरेला ढोल बांधून उभ्या असतात. त्यांतील कित्येकींनी त्यापूर्वी कधी टिपरूही हाती धरलेले नसते. पहिल्याच वर्षी त्या मिरवणुकीत वाजवितात. म्हणजे मोठेपणी वाद्य शिकणे आपल्या समाजात अशक्य तर नाहीच, नवेही नाही. जेथे ते देवाच्या नावाने किंवा उत्सवाच्या नावाने होते, तेथे आम्ही त्यास टाळ्या देतो. जेथे माणूस ते केवळ स्वतःच्या आनंदासाठी करू म्हणतो, तेथे मात्र त्याचे वय काढतो.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, गृहस्थाश्रमी माणसास संगीत शिकविणे हीच आमच्या सुधारकांची एके काळची मोठी खटपट होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपीची पुस्तके छापली, ती याचसाठी की विद्या घराण्यांच्या उंबऱ्यातून बाहेर पडून सामान्य संसारी माणसापर्यंत जावी. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज स्थापिला, त्यामागेही हीच दृष्टी होती. त्या खटपटीचे आम्ही काय केले? परीक्षा केल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा! मुलगा सहावीत असताना प्रवेशिका झाला की प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावावयाचे, दहावीचे वर्ष आले की वाद्य माळ्यावर टाकावयाचे. आमच्या वाचकांनी आपल्याच घरातील कपाटावर एकदा नजर टाकावी; मुलाला चौदाव्या वाढदिवशी घेऊन दिलेले, दोन तारा तुटलेले एक गिटार तेथे धूळ खात पडलेले आढळण्याचा पुष्कळ संभव आहे. संगीत हे आम्ही देवीच्या लसीसारखे करून टाकले आहे; लहानपणी एकदा टोचून घेतली की जन्माची निश्चिंती.

परदेशची उदाहरणे देण्याची आम्हांस हौस नाही. परंतु वाद्यच तिकडचे असल्याने दोन देतो. ज्या लिओ फेंडर याने १९५१ मध्ये अमेरिकेत हे वाद्य आजच्या रूपात बाजारात आणले, तो रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता आणि त्यास स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्यापूर्वी खालचा स्वर देण्यासाठी माणसाहून उंच असे उभे व्हायोलिनजातीचे वाद्य वापरीत. त्यावर पडदे नसत, म्हणून स्वर अचूक लागण्यास वर्षांची मेहनत लागे. फेंडरने दांडीवर पडदे बसविले आणि वाद्याचे नावच 'प्रिसिजन' म्हणजे अचूक असे ठेवले. ज्याच्यापाशी वर्षे नाहीत अशा माणसाची सोय या वाद्याच्या जन्मातच केलेली आहे. दुसरे उदाहरण कॅरोल के या बाईंचे. त्या गिटार वाजवीत. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणास ठरलेला बेसवादक आला नाही, म्हणून ऐन वेळी त्यांच्या हाती हे वाद्य देण्यात आले. तेव्हा त्या अठ्ठाविशीच्या होत्या, पदरी मुले होती. पुढे अमेरिकेतील असंख्य गाण्यांवर त्यांचा बेस वाजला. त्या आधीपासून वादक होत्या, आमचा रोखपाल नाही, हा भेद आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या रोखपालास ध्वनिमुद्रणाला तरी कोठे जावयाचे आहे?

आता पैशाविषयी. 'हे श्रीमंतांचे खूळ आहे,' असे म्हणणारे लोक दुकानाच्या काचेतील किमतीची चिठ्ठी पाहून बोलत असतात. नवशिक्याच्या उपयोगाचे नवे बेस गिटार आज दहा-पंधरा हजार रुपयांच्या घरात मिळते, वापरलेले त्याहूनही कमी किमतीस. दोन वर्षांनी जो मोबाईल टाकून द्यावयाचा, त्यास आम्ही याहून अधिक मोजतो आणि त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. वापरलेले वाद्य घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे. दांडी डोळ्याशी धरून तिच्या कडेने बंदुकीच्या नळीवरून पाहावे तसे पाहावे. थोडासा बाक असावा लागतो, परंतु पीळ असेल तर ते वाद्य फुकट मिळाले तरी घेऊ नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी; कोठे खरखर होते का, कोठे स्वर मुका पडतो का, ते ऐकावे. तारा पडद्यांपासून फार उंच असल्यास बोटे दुखून महिन्यात उत्साह मावळतो; पण घोडीवरचे स्क्रू फिरवून त्या उतरविता येतात, तेव्हा तेवढ्यासाठी चांगले वाद्य सोडू नये. दांडी लांब वाटली, हात आखूड असला, तर ३४ इंचांच्या तारेऐवजी ३० इंचांच्या तारेचे लहान वाद्य मिळते, ते घ्यावे. त्यात कमीपणा नाही. पॉल मॅकार्टनी याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेले हॉफनर वाद्य अशाच लहान जातीचे होते. ते त्याने तीस पौंडांच्या आसपास घेतले, ते फेंडर परवडत नव्हते म्हणून. त्या स्वस्त वाद्यावर पुढे काय काय वाजले हे सांगावयास नको.

आवाज मोठा करण्याचे यंत्र, ज्यास अँप्लिफायर किंवा नुसते अँप म्हणतात, ते पहिल्या दिवशी घेतलेच पाहिजे असे दुकानदार सांगेल. तो त्याच्या धंद्याचा धर्म आहे. प्रत्यक्षात रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता वाजवावयाचे तर कानाला लावण्याचे साधन पुरे. खिशात मावेल एवढे यंत्र आणि बरे हेडफोन यांत काम भागते. तेही नसेल तर वाद्याचे शिंग लाकडी कपाटाला टेकवून वाजवावे. कपाट बोलू लागते! नुसत्या मोबाईलच्या टीचभर कर्ण्यावर मात्र विसंबू नये. ४१ आंदोलनांचा स्वर त्यातून बाहेर पडतच नाही, आणि नवशिक्यास वाटते की गाण्यात बेस नाहीच. तारांचा संच महाग असतो हे खरे. पण गिटारच्या बारीक तारांसारख्या या जाड तारा उठल्यासुटल्या तुटत नाहीत. मोटाउनच्या गाण्यांवर वाजविणारा जेम्स जेमरसन तर तार तुटल्याशिवाय बदलीतच नसे, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडीत असे.

'हे वाद्य परके आहे' हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर पेटीने कधीच देऊन ठेवले आहे. पेटीही युरोपातूनच आली. ती परकी आणि बेसूर म्हणून १९४० मध्ये नभोवाणीने तिला दार लावले, ते तीस वर्षांनी, १९७१ मध्ये किलकिले केले. या तीस वर्षांत नभोवाणीवर पेटी नव्हती; बाकी सगळीकडे होती. देवळात होती, नाटकात होती, आणि चौफुल्याच्या संगीत बाऱ्यांत ढोलकीच्या जोडीला तर होतीच होती. शिरूरहून न्हावऱ्यावरून जो रस्ता चौफुल्यास उतरतो, त्याच्या टोकाशी आजही लावणी उभी राहते, आणि तिच्या साथीची पेटी परकी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. बेस गिटारचीही तीच कथा. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतास वाद्यवृंद दिला. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवीत. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ हा आवाज शिरूरच्या पानाच्या टपरीवर आणि दौंडच्या फलाटावर वाजतो आहे. आपण तो ऐकत आलो. कोण वाजवितो एवढे विचारले नाही, इतकेच.

आणि येथेच आमच्या सुशिक्षित वाचकांशी आमचा मुख्य वाद आहे. 'बेस' हा शब्द उच्चारताच त्यांच्या कपाळाला आठी पडते; कारण त्यांस तो लग्नाच्या वरातीतील आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतील डीजेवरून माहीत झालेला असतो. ट्रॅक्टरवर कर्ण्यांची भिंत रचतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते. या छळाविषयी तक्रार करणारांत आम्ही पहिले आहोत. पण त्यात अपराध कोणाचा? खालच्या स्वराचा नव्हे. डीजेच्या भिंतीतून जे निघते त्यात स्वर उरलेलाच नसतो. उरतो तो धक्का. जो मनुष्य स्वतः चार तारांवर बसून सहा महिने एकेक खालचा स्वर मात्रेवर ठेवावयास शिकला आहे, ज्याने तो किती हलक्या हाताने दिला तरी पुरतो हे अनुभविले आहे, तो त्या भिंतीपुढे आपणहून नाचावयास जाणार नाही, आणि आपल्या मुलाच्या वरातीसाठी ती ठरविणारही नाही. पोलिसांकडे अर्ज करून आणि वर्तमानपत्रांस पत्रे लिहून जो कान तयार झाला नाही, तो कदाचित असा होईल. निदान अर्ज लिहिण्यापेक्षा हा उद्योग अधिक सुखाचा आहे.

एक गोष्ट आम्ही प्रतिपक्षास मोकळेपणाने देतो. भजनातला पखवाजी आणि पथकातली ढोलवाली यांस जे मिळते, ते आमच्या रोखपालास मिळत नाही. ते म्हणजे संगत. तो खोलीत एकटा बसून यंत्राच्या टिकटिकीवर सराव करतो. शिकविणारे पाठ मोबाईलवर फुकट आणि उदंड आहेत, पण ते चुकीला हसतही नाहीत आणि सावरूनही घेत नाहीत. बेस हे तर मुळातच एकट्याने वाजविण्याचे वाद्य नव्हे. एकट्या डग्ग्याची मैफल कोणी ऐकली आहे? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळांचे वाद्य कोपऱ्यात जाते, ते वयामुळे किंवा पैशाअभावी जात नाही. साथ करावयास कोणी नसते म्हणून जाते.

म्हणून आमची सूचना गायनाच्या वर्गांस नाही. त्यांच्या दारात चाळिशीचा मनुष्य गेला की 'मुलाचे वय काय?' असेच विचारले जाते, आणि शिकणारा आपणच आहो हे सांगण्याचा धीर त्यास होत नाही. आमची सूचना गावच्या शाळांच्या चालकांस आणि वाचनालयांच्या पंचांस आहे. सायंकाळी सातनंतर यांच्या खोल्या रिकाम्या असतात. आठवड्यातून दोन दिवस त्यांतील एक खोली प्रौढांच्या वाद्यमंडळास द्यावी. पेटी वाजविणाऱ्या बाई गावात आहेतच, ढोलकीवाला आहे, तबल्याची मध्यमा झालेला मेडिकलवाला आहे. बेसवाल्याने त्यांच्यामागे बसावे आणि पहिले सहा महिने केवळ 'सा' आणि 'प' द्यावे. विजेचे बिल मंडळाने भरावे. अँप चौघांत मिळून एकच घ्यावा आणि तो त्या खोलीतच कुलपात ठेवावा, म्हणजे कोणास तो खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून जावे लागणार नाही, आणि टपरीवरच्या मंडळींनाही थट्टेसाठी दुसरा विषय शोधावा लागेल.